यंदा काय पेरायचं?

बसा.

खुर्चीवर, ओट्यावर, जमिनीवर; असाल तिथे. हात मांडीवर टेकू द्या. खांदे सैल होऊ द्या.

श्वास आत येतोय. येऊ द्या.

बाहेर जातोय. जाऊ द्या.

आज एक एकर जमीन पाहायची आहे. एवढंच काम. घाई कशाचीच नाही.

ही जमीन मराठवाड्यातली आहे. लातूर आणि धाराशिवच्या पट्ट्यातलं एखादं गाव समजा. मे महिना सरत आलाय. रान नांगरून पडलंय. बांधावर एक बाभूळ, एक कडुलिंब. आभाळ कोरडं आहे, पांढुरकं.

मनातल्या मनात चपला काढून ठेवा.

तळव्याखाली ढेकूळ येतं. काळं, टणक. कड टोचते. पुढचं पाऊल टाकण्याआधी तो टोचरेपणा पुरता जाणवू द्या.

बांधालगत, नांगर पोचला नाही तिथे, जमिनीला भेग पडली आहे. वाका. हात भेगेत घाला. बोटं जातात, मग तळहात जातो, मग मनगट.

वर चटका आहे. आत थोडा गारवा आहे.

त्या गारव्यापाशी थांबा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

* * *

आता उठा आणि बांधाबांधानं चाला.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. बारा-तेरा पावलांत एक बाजू संपते. असे चाळीस गुंठे मिळून हा एकर. पूर्ण चक्कर मारायला पाच-सहा मिनिटं लागतात.

मारा ती चक्कर. हळू.

पहिला कोपरा. इथे माती खोल आहे, काळीभोर.

दुसरा कोपरा. इथे पावसात पाणी साचतं. लव्हाळा वाळून पडलाय, पण खाली त्याच्या गाठी जिवंत आहेत.

तिसरा कोपरा मुरमाड. पायाला खडे लागतात.

चौथ्या कोपऱ्यात एक बाई उभी आहे.

तिच्याकडे पाहा. लगेच काही विचारू नका. नुसतं पाहा.

डोक्यावर पदर. उजव्या तळव्यावर खुरप्याचा घट्टा. पायाच्या टाचांनाही भेगा. ती जमिनीकडे बघते आहे. तिला कुठला कोपरा खोल आणि कुठला मुरमाड, हे चालून पाहावं लागत नाही. वीस पावसाळे तिनं इथे वाकून काढलेत. हराळी कुठून आत शिरते, शेंग कुठे आधी वाळते, तिच्या हातांना ठाऊक आहे.

तिच्या शेजारी जाऊन उभे राहा.

तिच्या नजरेनं तोच एकर पुन्हा पाहा.

* * *

बांधापलीकडून तिचे मालक येतात. खांद्यावर टॉवेल. कपाळावरचा घाम पुसतात. थोडा वेळ तेही जमिनीकडे बघतात.

मग विचारतात, "या तुकड्यात यंदा काय पेरायचं? तू सांग."

ऐकलंत?

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

ती बोलत नाही. आपणही बोलू नये. प्रश्न आला आहे आणि उत्तर अजून आलेलं नाही. या दोहोंच्या मधली जागा पाहा. एवढीशी आहे. आपण तिथेच बसणार आहोत.

वारा नाही. बाभळीवर एक होला घुमतोय.

श्वास आत.

श्वास बाहेर.

तिच्या ओठांवर एक उत्तर तयार आहे. फार जुनं उत्तर. "तुम्ही म्हणाल तसं." तिच्या आईनं तेच दिलं होतं, सासूनंही. ते तोंडातून निघायला वेळ लागत नाही.

आज ते ओठांपर्यंत येतं आणि थांबतं.

का थांबतं? कारण शोधायला लागू नका. त्या थांबलेल्या ओठांकडे पाहत राहा.

* * *

हळूहळू त्या थांबण्यात कायकाय साठलंय, ते दिसायला लागतं.

आधी हात दिसतात. टोकणारे हात. खुरपणारे हात. शेंगा तोडणारे, कापणारे, पाखडणारे हात.

मग आवाज येतात. पारावर आवाज, खत-बियाण्याच्या दुकानात आवाज, भावाभावांत आवाज. बियाणं कोणतं, पिशव्या किती, उधारी कुणाकडे. या आवाजांत तिचा आवाज शोधा.

शोधा. सापडत नसेल, तर तेही नीट ऐका.

मग एक कागद दिसतो. सातबारा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातले वहितीदार मोजले, तेव्हा शंभरांत साधारण चौदा बाया निघाल्या.

या आकड्यावरून वाद घालायचा नाही. तो एक श्वासभर जवळ ठेवा. आणि डोळ्यांसमोर आणा, एखाद्या सकाळी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं रान. ओळीनं वाकलेल्या पाठी. त्यांवरच्या साड्यांचे रंग.

पाहा ते रंग.

* * *

थांबण्याच्या तळाशी आणखी एक रात्र आहे. तिकडे हलक्या पावलांनी जाऊ.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं घरी आली, दमून झोपली. पहाटे चारला काही मिनिटं कमी होती. किल्लारीच्या पट्ट्यात जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. सुमारे १०,००० माणसं गेली.

इथे शब्द थांबवू.

श्वास आत.

श्वास बाहेर.

त्यानंतरचे दिवस पाहा. पत्र्याचे निवारे. रांगा. अर्ज. साहेबांच्या गाड्या. जी घरं पडली नाहीत पण तडकली, ती दुरुस्त करून मजबूत करायची आहेत. अनुदान आहे. पण ते कसं मिळतं, हप्ता कधी येतो, भिंतीचे कोपरे कसे सांधून घ्यायचे, हे घराघरात सांगणार कोण?

गावोगावच्या महिला मंडळांतून बाया पुढे येतात. त्यांना नाव मिळतं, संवाद सहायक. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्यासोबत उभी राहते. प्रेमा गोपालन त्या संस्थेच्या संस्थापक. काम शेकडो गावांत पसरतं.

त्यातल्या एकीच्या मागून चाला.

ती पहिल्या घरापाशी जाते. उंबऱ्याबाहेर उभी राहते. घसा खाकरते. आजवर ती चारचौघांत बोललेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.

आणि बोलते.

दुसऱ्या घरी थोडं मोठ्यानं बोलते.

दहाव्या घरी कुणीतरी तिला पाणी देतं, बसायला पोतं टाकतं, आणि म्हणतं, "अक्का, नीट समजावून सांग बरं."

ते "सांग बरं" ऐका. पुन्हा ऐका.

जमीन हलली होती. आता दुसरं काहीतरी स्थिर होतंय. त्याला नाव न देता पाहा.

* * *

परत आपल्या एकरावर या.

बाई अजून उभी आहे. मालकही उभे आहेत. होला गप्प झालाय.

हा एकरसुद्धा सहज मिळालेला नाही. पाहा, आधी बचत गटाची बैठक. महिन्याकाठी थोडे पैसे, वहीत सह्या, सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या बाया. कुणीतरी म्हणतं, पाऊस दगा देतोय, सोयाबीन गेलं की सगळंच जातं, घरात खायला काय? कुणीतरी म्हणतं, भाजीसुद्धा बाजारातून आणतो आपण, शेतकरी असून.

मग एक विचार पुढे येतो. घरच्यांकडे अर्धा-एक एकर मागायचा. सगळं शेत नाही. एवढाच तुकडा. त्यात काय लावायचं ते आपण ठरवायचं. आधी घराला खायला लावायचं, उरेल ते विकायचं. महागडी औषधं आणायची नाहीत, खत घरचं करायचं, बी आपलं ठेवायचं.

स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था हेच काम करत आली आहे. बाईनं घरात मागणी कशी घालायची, जमिनीला काय लागतं, पाणी कसं वाचवायचं, हे सारं बायांनी बायांना शिकवायचं.

ती घरी येते. चुलीपाशी बसते. तवा तापतोय. भाकरी थापताना हातांचा आवाज येतोय.

ऐका तो आवाज.

भाकरी तव्यावर पडते. ती मान वर न करता म्हणते, "मला एक एकर द्या. एक साल बघा."

घरात कुणी बोलत नाही.

भाकरी फुगते.

"बघू," मालक म्हणतात.

आज ते बघायला आले आहेत. म्हणून तो प्रश्न. म्हणून ही मधली जागा. वर्षानुवर्षांच्या बैठका, वह्या, पायपीट, सगळं येऊन या एका थांबण्यात बसतं. बाईला उत्तर कुणी शिकवलेलं नाही. तिच्यासाठी एवढा वेळ मोकळा झालेला आहे.

बसा त्या वेळात.

श्वास आत.

श्वास बाहेर.

* * *

ती बोलते.

"मूग टाकू. त्यात तुरीच्या ओळी. वरच्या अंगाला भाजी. कडेनं शेवगा."

प्रत्येक बी तळहातावर घेऊन पाहू.

मेथी. पिवळसर, खडबडीत, कडू वासाची. ही महिन्याभरात पानाला येते. तिचा एक महिना मनात धरा.

मूग. हिरवा, गुळगुळीत, बोटांतून निसटणारा. याला दोन महिने लागतात. आणखी थोडं थांबा.

भेंडी. दीड-दोन महिन्यांत तोडायला लागते आणि मग तोडतच राहावी लागते.

तूर. हिला सहा महिने. शेजारचा मूग निघून जातो, दिवाळी होते, थंडी पडते, तेव्हा कुठे तिच्या शेंगा भरतात.

शेवगा. तो बांधावर उभा राहणार आहे, कित्येक वर्षं.

पाहा, एका एकरात किती वेगवेगळे वेळ शेजारी शेजारी वाढतात. कुणी कुणाला घाई करत नाही.

तुमच्या आतही असे वेळ असतील. काही महिन्याचे. काही वर्षांचे. त्यांतला कुठला तूर आहे, ते शोधून पाहा.

थांबा तिथे थोडं.

* * *

मृग निघतो. पाऊस येतो.

पहिला थेंब ढेकळावर पडतो. डाग उमटतो. दुसरा. तिसरा. वास येतो.

हा वास खोल घ्या.

ज्या भेगेत आपण हात घातला होता, तिथे पाणी उतरतंय. काळी माती फुगते. भेग मिटते. वरून काही कळतसुद्धा नाही.

काही आठवड्यांनी परत या. मुगाचं एक रोप हळूच उपटा. मुळांवर बारीक गाठी आहेत. एक गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी.

त्या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. हवेतला नत्र घेतात, झाडाला देतात. मूग निघून गेला तरी मुळं मातीत राहतात, कुजतात, आणि तुरीला त्यातलं काही मिळतं.

बोटावरचा तो गुलाबी ठिपका पाहा. ही कमाई वहीत लिहिली जात नाही.

वरच्या अंगाला बाई भाजीच्या वाफ्यांवर पालापाचोळा अंथरते आहे. वाकते, पसरते, पुढे सरकते. ऊन पडलं तरी खालची माती ओली राहते. हात घालून पाहा.

गारवा आहे.

* * *

आता पावसाशिवायचं वर्ष.

तेही पाहायला हवं. नजर वळवू नका.

या भागात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि कधी कधी पडत नाही. २०१४ गेलं. २०१५ गेलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी.

रुळांवर उभी ती गाडी पाहा. घागरी पाहा. घागरीत पाणी पडतानाचा आवाज ऐका. आधी पोकळ, मग भरीव.

त्या वर्षांत या एकरावर काय झालं असेल?

भाजी करपली असेल. मूग निम्मा आला असेल. तूर खोल मुळांच्या जोरावर कशीबशी उभी राहिली असेल. घरात डाळ आली असेल. थोडी. विकायला नव्हे, शिजवायला.

ती थोडी डाळ डोळ्यांपुढे ठेवा. पातेल्यात पाण्याला आधण आलंय. डाळ पडते.

याच २०१६ साली स्वयं शिक्षण प्रयोगाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. बातमी लांबच्या देशांत गेली. इथे बाईनं झाकण ठेवलं, जाळ कमी केला.

दोन्ही गोष्टी एकदमच होत होत्या. दोन्ही पाहा.

* * *

माघाची सकाळ. हवेत गारठा. तुरीची रास झाली आहे.

ती राशीतून मूठभर दाणे वेगळे काढते. टपोरे, न किडलेले. मातीच्या मडक्यात घालते. राख मिसळते. वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. तोंडाला फडकं.

हे पुढच्या सालाचं आहे.

मडक्यावर हात ठेवा. काही हलत नाही आत. तरी आत काहीतरी चालू आहे.

बांधावर पावलं वाजतात. शेजारीण आली आहे. पलीकडच्या शेताची. ती थोडा वेळ नुसती उभी राहते. बोट बोटात गुंतवते.

"अक्का, मीबी मागावं म्हणते घरी. एक एकर. काय लावू?"

आता आपल्या बाईकडे पाहा. तिला सारं ठाऊक झालंय. मूग, तूर, वाफे, पाला. एका दमात सांगून टाकता येईल. आता ती कृषी संवाद सहायक आहे, आसपासच्या गावांत सांगत फिरते. उत्तर ओठांवर तयार आहे.

ते ओठांपर्यंत येतं.

आणि थांबतं.

"तुझं रान कसं आहे?" ती विचारते. "पाणी कुठं साचतं? घरात खाणारी तोंडं किती?"

शेजारीण गप्प होते. तिच्याही डोळ्यांसमोर तिचा तुकडा येतो. पहिला कोपरा. दुसरा कोपरा.

दोघी बसतात. कुणीच घाई करत नाही.

प्रेमा गोपालन २०२२ मध्ये गेल्या. ज्या बायांना त्यांनी कधी पाहिलंही नसेल, त्या बांधावर बसून एकमेकींना विचारताहेत आणि उत्तराची वाट पाहताहेत. संस्था टिकते कशात, हे शोधायचं असेल तर या दोघींमधल्या त्या वीतभर जागेकडे पाहा.

श्वास आत.

श्वास बाहेर.

* * *

आता आपला एकर सोडायचा आहे. पायांना लागलेली माती झटकू नका.

हाताची बोटं हलवा. जिथे बसला आहात तिथलं जाणवू द्या. पंखा असेल, रस्ता असेल, कुकरची शिट्टी असेल.

एक काम सोबत न्या.

या आठवड्यात तुमच्याही घरात काहीतरी ठरायचं असेल. गावाकडच्या जमिनीचं, मुलीच्या कॉलेजचं, स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचं. त्यात सगळ्यात जास्त राबणार कोण आहे, ते आधी पाहा. आणि त्या माणसाला विचारा, काय करायचं, तू सांग.

पहिलं उत्तर बहुतेक "तुम्ही म्हणाल तसं" हेच येईल. ते ऐकून घ्या. पण ते उत्तर धरू नका. दुसरा प्रश्न विचारू नका, आपलं मत पुढे करू नका, मोबाइल हातात घेऊ नका. आणखी थोडं थांबा.